एक माणूस कमी

घरखर्च माझ्या हातात आला तेव्हा मी अकरावीत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला होता. बाबा एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होते. भांडारातला माल कमी भरला, चौकशी बसली, आणि ज्यांच्या सहीनं माल बाहेर गेला होता ते मोकळे राहून ज्याच्याकडे किल्ली होती तो निलंबित झाला. किल्ली बाबांकडे होती. पगाराच्या जागी निर्वाह भत्ता येऊ लागला, म्हणजे साधारण अर्धा पगार. आईला घर चालवता यायचं, पण अर्ध्यात चालवता यायचं नाही. दारावर येऊन कुणी भाजीवाला भैया 'बहूजी, बस आख़िरी दो गड्डी बची है' म्हणाला की तिच्याकडून दोन्ही जुड्या घेतल्या जायच्या. पहिल्याच महिन्यात वीस तारखेला पिठाचा डबा रिकामा झाला. त्या दिवशी तिनं कमरेची पिशवी सोडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, तुझं गणित चांगलं आहे, आता तूच बघ बाई. तेव्हापासून ती बाजारातल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायला आणि परकर शिवायला बसली, आणि खर्चाचं पुन्हा कधी विचारलं नाही.

लखनौच्या तेलीबागेत एका गल्लीच्या टोकाला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढे विटांचं आंगण, आंगणात हापसा. खाणारी माणसं पाच: बाबा, आई, मी, माझी सात वर्षांची बहीण मीना, आणि राहीआत्या. राहीआत्या बाबांची धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तेव्हा ती एक लोखंडी ट्रंक घेऊन बाबांकडे आली, आणि बाबांची बदली नागपूरहून लखनौला झाली तेव्हा आमच्याबरोबर इकडे आली. मी तिच्या कडेवर वाढले. स्वयंपाकघर तिचं होतं. काम करताना ती तोंड मिटून गुणगुणत असे; त्याला शब्द नव्हते, चालही धड नव्हती, एखादा भुंगा खोलीत अडकावा तसा तो आवाज. तो घरात इतका मुरला होता की आम्हाला ऐकूच यायचा नाही. आता सगळं घर शांत असलं की मला तो ऐकू येतो.

मी हौसेनं कामाला लागले. दूध लिटरवरून अर्ध्या लिटरवर आणलं. पेपर बंद केला. बाबा शेजारच्या तिवारीजींकडे वाचायला जाऊ लागले आणि आठवड्याभरात जायचे थांबले, कारण तिवारीजी पेपर देण्याआधी चौकशीचं काय झालं ते विचारत. अंगाच्या साबणाची वडी दोऱ्यानं कापून तिचे तीन तुकडे केले आणि एका वेळी एकच बाहेर ठेवला. साठचे दिवे काढून पंचविसाचे लावले. कुकरला एक शिट्टी झाली की स्टोव्ह बंद करायचा आणि कुकर जुन्या रजईत गुंडाळून ठेवायचा. तासाभरात डाळ आपसूक शिजते. सब्जी सकाळी दारावर घ्यायची नाही, दुकानं आवरायच्या वेळी बाजारात जाऊन उरलेली घ्यायची, असा नियम केला. तिथं रामदुलारी नावाची एक भाजीवाली होती. फुलकोबीचे देठ आणि मुळ्याचा पाला ती गाईसाठी बाजूला टाकायची, ते मी उचलायची. ती काही म्हणायची नाही, वर मूठभर धनिया-मिरची घालायची, आणि कधी आत्या बरोबर असली की तिच्याशी बोलत बसायची. त्या देठांची आत्या अशी पातळभाजी करायची की बाबा बोटं चाटायचे. मुळ्याच्या पाल्याचा झुणका व्हायचा. नागपूरकडून आलेलं जवस ती चमच्यानं मोजून भाजायची, आणि ज्या दिवशी भाजी नसेल त्या दिवशी जवसाची चटणी, पोळी आणि पाण्यासारखं वरण. आम्ही उपाशी कधी राहिलो नाही. आत्यानं माझ्या प्रत्येक कपातीचं जेवण करून दाखवलं, आणि त्याची शाबासकी मी घेत राहिले.

आजही मी खोलीतून उठले की हात बटणाकडे जातो. नात हसते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. म्हणते, आजी, एलईडी है, इसमें कुछ नहीं जाता. तिला मी काय सांगू? तेव्हा मला कशात काय जातं हे पाठ होतं, आणि कुठून काय कमी करता येईल याशिवाय मी घराकडे पाहूच शकत नव्हते. पानात वाढलेली पोळी दिसण्याआधी मला तिचं पीठ दिसायचं. बाबा दिवसभर घरात असत. इतक्या वर्षांत दिवसा घरी असलेला बाप मी पाहिला नव्हता. ते आंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत, आणि त्यांच्या चपला झिजतात हेसुद्धा माझ्या मनात येई.

हिवाळ्याच्या तोंडाला मकानमालकानं भाडं वाढवलं आणि त्याच महिन्यात मीनाच्या शाळेनं फी मागितली. रविवार होता. धुकं उशिरा उठलं होतं आणि आंगणात कोवळं ऊन आलं होतं. बाबा खाटेवर बसले होते, मी त्यांच्या पायाशी. आई आत शिवत होती. आत्या हापशाशी भांडी घासत होती. बाबांनी मला हळू आवाजात विचारलं, अजून कशात कमी होईल? मोठ्या माणसानं दुसऱ्या मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं. मी त्याचा विचार आधीच करून ठेवला होता. उत्तर तयार असलेल्या हुशार मुलीसारखी मी ताठ बसले.

"वस्तूंत आता काही उरलं नाही, बाबा," मी म्हटलं. "खाणारं एक माणूस कमी झालं तरच बसेल."

गुणगुणणं थांबलं. ते चालू होतं हे मला ते थांबल्यावर कळलं. मग हापशाचा दांडा दोनतीनदा खालीवर झाला आणि भांड्यांवर पाणी पडलं. बाबांनी मला गप्प बस म्हटलं असतं, एक चापट मारली असती, तरी गोष्ट तिथं संपली असती. खाटेची एक सुतळी सुटली होती, ती ते बोटाला गुंडाळत राहिले. मग मीनाच्या फीला महिन्याची मुदत मिळते का ते पाहतो, असं काहीतरी म्हणाले आणि उठले.

मी नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. पण पाचांतून बाबा जाऊ शकत नव्हते, आई जाऊ शकत नव्हती, आम्ही दोघी मुली होतो. उत्तर एकच निघत होतं आणि ते मला येत होतं. ते मनात मांडताना मी आत्याला पाहिलं होतं का? पाहिलं होतं. तिच्या पाठीकडे पाहतच मी ते वाक्य बोलले होते.

पाचव्या दिवशी आत्यानं सांगितलं की नागपूरच्या चुलतभावाच्या सुनेचं बाळंतपण आहे, घरात करणारं कुणी नाही, तिला बोलावलंय. निरोप कुणाकडून आला ते आईनं विचारलं, तेव्हा बाजारात एक नागपूरकडची बाई भेटली होती म्हणाली. त्या बाईचं नाव कुणी विचारलं नाही. बाबा म्हणाले, थंडीचं कशाला जातेस, नंतर जा. पण ते एकदाच म्हणाले. जाण्याच्या आदल्या दुपारी तिनं मला जवळ बसवून फोडणीला किती तेल पुरतं ते दाखवलं. ट्रंक ठेवून गेली, फक्त एक कापडी पिशवी घेतली. निघताना मीनाचा मुका घेतला, आईच्या हाताला हात लावला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चांगलं घर चालवून राहिली तू, कुंदा. असंच चालव." बाबांनी तिला चारबागला नेऊन साध्या डब्यात बसवलं. परत आले तेव्हा म्हणाले, गाडी सुटायच्या आधीच तिनं मला जा म्हटलं, उगाच ताटकळू नका म्हणाली.

त्या महिन्यात खर्च बसला. शेवटच्या दिवशी डब्यात साखर शिल्लक होती. ती मी आईला दाखवली. आईनं पाहिलं आणि पुन्हा मशीनवर मान वाकवली. ती कित्येक दिवस कणीक पाच माणसांची मळत होती, आणि रोज दोन-तीन पोळ्या उरत. सकाळी त्या मीठ-तेल लावून मीनाला द्यायच्या. मीना खाताना विचारायची, आत्या कधी येणार? कुणीतरी म्हणायचं, येईल, बाळ मोठं झालं की. घरात तोंड मिटून गुणगुणणारं कुणी नव्हतं, म्हणून गल्लीतले सगळे आवाज आत येऊ लागले: रद्दीवाल्याची हाक, तिवारीजींचा खोकला, कुणाच्यातरी रेडिओवरच्या बातम्या. बाबा मधेच आंगणात थांबून हापशाकडे बघत.

महिन्यानं एक पोस्टकार्ड आलं. हिंदीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. सब कुशल मंगल है, लड़का हुआ है, ते लोक मकान बदलत आहेत म्हणून उत्तर पाठवू नये. बाबांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि कोनाड्यात ठेवलं. मी नंतर ते उचलून पाहिलं. तिकिटावरचा शिक्का अर्धवट उठला होता, पण वाचता येत होता. लखनौचा होता. मी खूप वेळ पाहत राहिले. मग स्वतःला समजावलं की कुणीतरी येणाऱ्याच्या हाती पाठवलं असेल, त्यानं इथं आल्यावर पेटीत टाकलं असेल. असं होतं. ते कार्ड मी गणिताच्या पुस्तकात ठेवून दिलं. ते कुठं गेलं, असं बाबांनी विचारलं नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा शिष्यवृत्तीचा फॉर्म द्यायला मला हजरतगंजला जावं लागलं. चारबागपर्यंत टेंपोनं गेले आणि पुढचे पैसे वाचवायला पायी. फॉर्म देऊन मी दुकानांच्या ओळीपुढच्या वऱ्हांड्यातून परत येत होते. दुपार होती, गर्दी होती. माझ्या पुढे एक बाई चालल्या होत्या, शहरी, उंच टाचांच्या. आणि त्यांच्या मागे इकडच्या बायकांसारखा डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, कडेवर गुबगुबीत लेकरू. लेकरू रडत होतं आणि ती त्याला थोपटत होती. शेजारून जाताना मला ते गुणगुणणं ऐकू आलं.

मी थांबले. त्या बाई एका कापडाच्या दुकानापाशी वळल्या, तशी आत्याही वळली, आणि आम्ही समोरासमोर आलो. आमच्यामध्ये दहा-बारा पावलं असतील. ती वाळली होती. अंगावर दुसऱ्याची साडी होती हे लगेच कळलं, कारण तसला रंग तिनं कधी नेसला नसता. गळ्यात तुळशीची माळ होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. मानेनं नाही म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. फक्त लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

त्या क्षणी मला काय वाटलं हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मला प्रेम दाटून आलं नाही, रडूही आलं नाही. माझ्या डोक्यात आलं की महिना संपायला अकरा दिवस आहेत आणि पीठ रविवारपर्यंतच आहे. माझ्या डाव्या हाताला चपलांचं दुकान होतं. मी त्याच्या काचेकडे वळले. आत लाकडी पायऱ्यांवर चपला मांडल्या होत्या, त्या मी पाहत राहिले, अगदी एकेक जोड नीट पाहिला, जणू मला घ्यायचाच होता. मागे वळले तेव्हा वऱ्हांड्यात अनोळखी माणसं होती.

हजरतगंजला मी आजही जाते. आता खालून मेट्रो जाते, वऱ्हांडे तसेच आहेत. मागच्या थंडीत तिथं एक म्हातारी मोलकरीण एका मुलाला घेऊन चाललेली दिसली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं 'आत्या' अशी हाक गेली. ती बाई दचकून वळली. मी तिची माफी मागितली. सून बरोबर होती, तिला वाटलं मला भोवळ आली.

त्या दिवशी, चपलांच्या दुकानापासून, मी सरळ घरी गेले. आईनं तहरी केली होती, भात आणि मटार आणि हळद. तिथं फॉर्म घेतला का, असं बाबांनी विचारलं, मी हो म्हटलं. मी सगळं जेवले. पुढचे चार महिने मी कुणाला काही सांगितलं नाही. रामदुलारीकडे जाणं मात्र मला जड जाऊ लागलं. ती आता धनियाबरोबर कधी दोन टोमॅटो, कधी एखादं लिंबू टाकायची, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहायची. एकदा तिनं विचारलं, घर में सब ठीक है, बिटिया? मी ठीक आहे म्हटलं. तिला काहीतरी माहीत आहे, हे मला कळत होतं. मी भाजी दुसऱ्या टोकाच्या दुकानातून घेऊ लागले. तिथं महाग मिळायची. इतक्या महिन्यांत मी जाणूनबुजून केलेला तो एकच जादा खर्च.

आंबे आले आणि बाबांची चौकशी संपली. ते निर्दोष ठरले. मागचा सगळा पगार मिळणार होता. कागद घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांच्या हातात जिलेबीचा पुडा होता, आणि ते दारातूनच म्हणाले, "आता पहिलं काम, राहीला आणायचं. उद्या तिकीट काढतो नागपूरचं." आईनं डोळ्यांना पदर लावला. मीना उड्या मारायला लागली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"तिकीट काढू नका, बाबा," मी म्हटलं. "आत्या नागपूरला नाही. ती इथंच आहे, लखनौत. मी तिला पाहिलंय."

"कधी?"

"थंडी संपताना."

बाबांनी एका पायातला बूट काढला होता. ते त्या बुटाकडे पाहत बसले. मला वाटलं ते मारतील, आणि मारावं असंही वाटलं. त्यांनी तो बूट पुन्हा पायात घातला, नाडी बांधली, आणि म्हणाले, "चल."

कुठं जायचं ते माहीत नव्हतं, पण कुणाला विचारायचं ते मला माहीत होतं. रामदुलारीनं बाबांना बघताच तराजू खाली ठेवला. तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी बाबा स्टेशनच्या पुलापलीकडे दिसेनासे झाल्यावर आत्या गाडीतून उतरली होती. खिडकीवर तिकीट परत करून जे मिळालं त्यात तिनं आठ दिवस काढले होते, रामदुलारीच्या खोलीत. मग रामदुलारीच्या बहिणीनं तिला एका साहेबांच्या घरी स्वयंपाकाला आणि मूल सांभाळायला लावून दिलं. पोस्टकार्ड रामदुलारीच्या भाच्यानं लिहिलं होतं. कसम दी थी हमको, ती म्हणाली, कि भाई को मत बताना, उनका मन टूट जाएगा.

साहेबांचं घर हजरतगंजच्या मागच्या बाजूला होतं, पुढे गुलाबांच्या कुंड्या. वऱ्हांड्यात पाहिलेल्या त्याच बाई बाहेर आल्या. बाबांनी हात जोडून, राही इथं असते का, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, राही नावाचं इथं कुणी नाही. महाराष्ट्राकडची एक ब्राह्मण बाई आहे, सरस्वती, पंडिताइन. तिच्या हातचंच आमच्या सासूबाईंना चालतं. बाबांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. शाळेत आडनाव विचारलं की मोठ्यानं सांगायचं, मान खाली घालायची नाही, हे त्यांनी आम्हाला पहिलीपासून शिकवलं होतं. रोज सकाळी आम्हाला वंदनेला बसवताना ते सगळ्यांत पुढे आत्याला बसवायचे.

तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत दारात आली. तिनं बाबांना पाहिलं, मग मला. बाबा म्हणाले, "चल राही, घरी चल." बाईंनी, ही राही कोण, म्हणून विचारलं. बाबा त्यांच्याकडे वळून स्वच्छ हिंदीत म्हणाले, "ये मेरी बहन है. हम लोग बौद्ध हैं." बाईंनी आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग आत्याच्या पायाला बिलगलेलं लेकरू उचलून घेतलं. ते हात पसरून रडायला लागलं. आम्ही फाटकाबाहेर येईपर्यंत ते रडणं ऐकू येत होतं, आणि आत्या एकदाही मागे वळली नाही. रिक्षात बाबांनी तिला फक्त एक गोष्ट विचारली. म्हणाले, नाव काहून बदललंस? माळ गळ्यातून काढून ती हातात गुंडाळत होती. "नाव तुमच्या घरी ठेवून गेली होती, भाऊ," ती म्हणाली.

आत्या परत आली. गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. जिलेबी खाल्ली गेली, दूध पुन्हा एक लिटर झालं, दिवे साठचे लागले, पेपर सुरू झाला. पण पहिल्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "कुंदा, चहा करून घेऊ का?" मला वाटलं थट्टा करते आहे. संध्याकाळी तिनं विचारलं, आंघोळीला पाणी घेऊ का? जेवताना विचारलं, अजून एक पोळी घेऊ का? केसांना तेल, दिव्याचं बटण, खाटेवरची रजई, प्रत्येक गोष्टीला घेऊ का. आई रडायची. बाबांनी तिला बजावलं की हे घर तुझं आहे, इथं विचारायचं नाही. ती बरं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. तिथली सवय लागली, असं म्हणायची. तिथं प्रत्येक गोष्ट बाईंना विचारून घ्यावी लागायची. असेलही. पण तिथल्या बाईंच्या जागी ती आईला विचारत नव्हती, मला विचारत होती. मी खर्च आईकडे परत दिला, तरी ती मलाच विचारायची. लग्न होऊन मी रेल्वे कॉलनीत राहायला गेले, आणि भेटायला आले की ती माझ्यासमोर घास हातात धरून थांबायची. रुसवा नव्हता त्यात. तसा असता तर मी काढला असता. तिचा आवाज अगदी साधा असायचा, दारात उभं राहून, आत येऊ का, विचारावं तसा. गुणगुणणं मात्र ती साहेबांच्या घरीच सोडून आली. मी ते पुन्हा ऐकलं नाही.

ती आणखी अकरा वर्षं जगली. शेवटच्या थंडीत तिला दम लागायचा. मी दुपारी तेलीबागेला जायची आणि तिला आंगणात उन्हात बसवून तिचे केस विंचरायची. केस पांढरे झाले होते, विरळ झाले होते. एका दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, मी तिच्या पाठीमागे बसूनच सांगितलं. म्हटलं, आत्या, मी तुला त्या दिवशी गंजमध्ये पाहिलं होतं. पाहून तोंड फिरवलं होतं.

दमानं तिचे खांदे वर-खाली होत होते.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "चपलांच्या दुकानाकडे पाहून राहिली होती तू. बरं केलं, बाई. मी ठरवलं होतं, घरचं कुणी दिसलं तरी ओळख द्यायची नाही. पण तुझी भीती वाटे मला. तू हाक मारली असती ना, तर मी आली असती. लेकराला तिथंच खाली ठेवून आली असती."

हे ती मला धीर द्यायला म्हणाली, याबद्दल मला आजही शंका नाही. तिच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. मी फणी फिरवत राहिले. तिनं मान थोडी मागे केली, आणि मला वाटलं ती माझ्या बोलण्याची वाट पाहते आहे. मी तिची वेणी घातली. शेवटी बांधायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तिचं टोक चिमटीत धरून, ऊन आंगणातून सरेपर्यंत मी तशीच बसून राहिले.